उपक्रमबाई

एखाद्या शाळेत उपक्रमशील बाई आहेत की नाहीत, हे कुणाला विचारावं लागत नाही. शिक्षकखोलीतलं कपाट उघडायचं. आत हजेरीपत्रकं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गपगुमान बसलेले असले, तर नाहीत. दार उघडताच सुतळीचं भेंडोळं, करवंट्या, बाटल्यांची झाकणं आणि पुठ्ठ्याचं अर्धवट रंगवलेलं शिरस्त्राण अंगावर आलं, तर आहेत. आणि बहुतेक वेळा त्या तुमच्या मागेच उभ्या असतात. “अहो सर, टाकू नका हां त्यातलं काही. लागेल मला.”

आमच्या बाई सातवीला मराठी शिकवतात. पाठीमागे त्यांना सगळे उपक्रमबाई म्हणतात, समोर नुसतं बाई. पदर खोचलेला, उजव्या अंगठ्यावर सुकलेल्या फेविकॉलची साल, आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत कात्री, काडेपेटी, मोजपट्टी, पंचांग आणि कधीकधी जेवणाचा डबा असतो. कधीकधीच, कारण डब्याच्या जागी बहुतेक दिवशी विटेचा तुकडा आलेला असतो. त्यांची तीन वाक्यं शाळेच्या भिंतींनाही पाठ आहेत. पहिलं वर आलंच. दुसरं, “सर, दोन मिनिटं आहेत का?” या दोन मिनिटांत माझे कितीतरी शनिवार आणि एकदा अख्खी दिवाळीची सुट्टी गेलेली आहे. तिसऱ्या वाक्यात त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र येतं : “करून बघू.”

त्यांच्या यजमानांना आम्ही ओळखतो ते बांबूंमुळे. स्कूटरवर आडवे बांबू घेऊन एक सज्जन गृहस्थ फाटकात अडकलेले दिसले, की शिपाईमामा न विचारता अर्धं फाटक उचलून बाजूला करतात. घरात नवी चादर आली की हे गृहस्थ आधी विचारतात म्हणे, “ही आपल्याला की गडाला?”

गड म्हणजे सिंहगड. आमच्या शाळेच्या गच्चीवरून तो दिसतो, म्हणजे त्याच्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. पूर्वी कधीतरी बाईंनी मुलांना गच्चीवर नेऊन विचारलं, तो कुठला किल्ला? मुलं म्हणाली, टॉवरचा. त्या दिवशी बाईंनी काहीतरी ठरवलं असावं. तेव्हापासून अवांतर वाचनाच्या तासाला सातवी ब हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’, म्हणजे तानाजीने हा गड घेतल्याची कादंबरी, वाचते. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला नाही, आणि भाषा शंभर वर्षांपूर्वीची. हेडसरांनी सुचवून पाहिलं की एखादी सोपी, चित्रांची गोष्ट घ्या. बाई म्हणाल्या, चित्रं मुलं काढतील.

पहिली अडचण आली ती हरिभाऊंच्या वाक्यांची. त्या काळी वाक्य एकदा घरातून निघालं की चार गावं करून, सगळ्यांची विचारपूस करून मगच क्रियापदापाशी मुक्कामाला यायचं. मुलांना तेवढा दम नाही. बाईंनी एका वाक्याचे तुकडे पुठ्ठ्यांवर लिहिले आणि एकेका मुलाच्या हातात एकेक पुठ्ठा देऊन सगळ्यांना व्हरांड्यात ओळीने उभं केलं. कर्ता ग्रंथालयापाशी होता, क्रियापद थेट मुलांच्या मुतारीपाशी. क्रियापद झालेल्या मुलाने नाक धरून तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, “मग मधल्यांना विचार, कुणाला घरी पाठवता येईल?” मुलांनी मधली विशेषणं एकेक करून वर्गात पाठवली, क्रियापद सरकत सरकत कर्त्याजवळ आलं आणि अर्थ लागला. मी समोरच्या वर्गात अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देत होतो. दोन्ही वर्गांत एकच गोष्ट चालली होती, फक्त त्यांच्याकडे हशा जास्त होता.

नंतर आला पुरंदरचा तह. आता हा तह इतिहासाच्या पुस्तकात तीन ओळींत उरकतो : 1665, मिर्झाराजे जयसिंग, तेवीस किल्ले मोगलांना, बारा महाराजांकडे. पुढचा प्रश्न. बाईंनी मात्र कपाटातली पस्तीस झाकणं काढली, प्रत्येकावर मुलांकडून एकेका किल्ल्याचं नाव चिकटवून घेतलं, पंधरा दिवस ती झाकणं मुलांना सांभाळायला लावली, आणि एका शनिवारी सांगितलं की यातली तेवीस सातवी अ ला नेऊन द्यायची. कोंढाणा, म्हणजे आपला सिंहगडच, धरून. वर्गात दंगलच व्हायची बाकी राहिली. “बाई, पण आम्ही केलीत ती!” “हो ना,” बाई म्हणाल्या, “महाराजांनीही केले होते.” एक मुलगी रडत रडत राजगड मुठीत धरून बसली, तो द्यायचा नाही हे समजल्यावर आणखी रडली.

इथवर ठीक होतं. उपक्रम संपल्यावर सातवी अ ने झाकणं परत द्यायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, तह म्हणजे तह. ब ने अर्ज लिहिले, वकील पाठवला, एक पेरू नजराणा म्हणून पाठवला. पेरू खाल्ला गेला, झाकणं आली नाहीत. शेवटी एका मधल्या सुट्टीत ब मधली तीन पोरं मागच्या खिडकीतून अ मध्ये शिरली आणि कोंढाण्याचं झाकण घेऊन आली. दप्तरांची फेकाफेक झाली, एक बाटली फुटली, दोन्ही वर्ग हेडसरांपुढे उभे राहिले. हेडसरांनी बाईंना बोलावून विचारलं, हे काय आहे? बाईंचे डोळे चमकत होते. “सर, हे मी योजलेलं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या, आणि हा खुलासा होता की तक्रार, ते हेडसरांना आजवर कळलेलं नाही.

मावळ्यांनी कडा चढायच्या दोराचं प्रकरण वेगळं. दुकानातला नायलॉनचा दोर बाईंना चालेना. घायपाताचा वाख आणला, आणि तो वळायचा कसा हे आख्ख्या शिक्षकवर्गात कुणाला येईना. येत होतं ते शिपाईमामांना. मामांनी पायाच्या अंगठ्यात टोक अडकवलं आणि मुलांना दाखवलं : एकेक पदर एका बाजूला पिळायचा, आणि ते पदर एकमेकांवर घालताना उलट्या बाजूला. मग प्रत्येक पदर सुटायला बघतो आणि दुसऱ्याला घट्ट करतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी संयुक्त कुटुंबांचं रहस्य मला त्या दिवशी समजलं. मामांना मुलं दोन आठवडे ‘सर’ म्हणत होती. दोर तयार झाल्यावर तो भार घेतो का हे करून बघणं आलंच. एक टोक मैदानातल्या बास्केटबॉलच्या खांबाला बांधून दुसऱ्या टोकाला चाळीस मुलं लागली. दोर तुटला नाही, खांब वाकला. पीटीचे सर त्या दिवसापासून बाईंशी फक्त सूचनाफलकावरून बोलतात.

दोर बांधून कड्यावर सोडलेल्या घोरपडीपर्यंत गोष्ट येणार हे सगळ्यांना दिसत होतं. एक मुलगा म्हणाला, माझ्या मामाच्या शेतात आहे, आणू का? मी तिथे होतो. बाईंच्या तोंडावरून एक क्षणभर जे काही सरकून गेलं ते मी पाहिलं आहे. विज्ञानाच्या बाईंनी तत्काळ 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला, म्हणून ते प्रकरण वाळू भरलेल्या पोत्यावर निभावलं. पोत्याला शेपूट लावली होती. पोतं भिंतीला काही केल्या चिकटेना, तेव्हा मुलांना शंका यायला लागल्या. एवढंसं जनावर गड्याचं वजन कसं पेलेल? खरंच घोरपड होती का?

असल्या प्रश्नाला इतर शिक्षक उत्तर देतात. बाईंनी भिंतीला दोरी बांधली आणि तीन रंगांच्या चिठ्ठ्या केल्या. बखरीत आहे ते पांढऱ्या चिठ्ठीवर, पोवाड्यात आहे ते पिवळ्या, आणि नुसतं हरिभाऊंच्या कादंबरीत आहे ते गुलाबी. घोरपड पिवळी निघाली. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ती आहे, सभासदाच्या बखरीत नाही. तिथे दोघे निवडक मावळे वानरांसारखे कडा चढतात, मग वरून माळ लावून तीनशे जणांना वर घेतात. तानाजीच्या मुलाचं, रायबाचं लग्नही पिवळं. तानाजी पडल्यामुळे गडाला सिंहगड नाव मिळालं, हे तर मुलांना पाळण्यातच सांगितलेलं. पण त्याआधीच्या पत्रातही ते नाव सापडतं, म्हणून ती चिठ्ठी कुठल्याच रंगात बसेना. ती बरेच दिवस कपड्यांच्या चिमट्यात एकटी लोंबत होती. सगळ्यात जड गेली ती कमलकुमारी. किल्लेदार उदेभानाच्या तावडीतल्या त्या बिचारीसाठी मुलींनी जीव टाकला होता, आणि ती अख्खी गुलाबी. “म्हणजे ती नव्हतीच?” एकीने विचारलं. बाई म्हणाल्या, “हरिभाऊंपाशी होती ना.” मला हे उत्तर तेव्हा पळवाट वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

पण त्याच चिठ्ठ्यांनी पुढे बाईंना पेचात आणलं. उदेभानावर खटला भरायचं ठरलं. फिर्यादीच्या बाजूला वर्गातले सगळे खणखणीत आवाज. बचावाला कुणी तयार होईना म्हणून मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी केली. तिने भिंतीवरच्या सगळ्या गुलाबी चिठ्ठ्या काढून न्यायाधीशापुढे ठेवल्या आणि म्हणाली, हे आरोप लेखकाचे आहेत, माझ्या अशिलावर लावू नका. राहिलं काय? ज्याची चाकरी केली त्याचा किल्ला तो राखत होता, रात्री हल्ला झाला तेव्हा पळाला नाही, लढताना मेला. आणखी काय करायला हवं होतं त्याने? वर्ग गप्प झाला आणि मतदानात उदेभान निर्दोष सुटला. बातमी पालकांच्या ग्रुपवर गेली. दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत चार पालक, आणि बाई त्यांना शांतपणे समजावत होत्या की शत्रू नेभळट दाखवला तर तानाजीचं काय मोठेपण राहिलं? त्यातले दोन पालक पटून गेले. बाकीचे दोन चहा पिऊन गेले.

रायबाच्या लग्नाच्या पंगतीची गंमत राहिलीच. शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीवर सतराव्या शतकातलं जेवण करायचं होतं. आधी यादी. मुलांनी पहिलीच भाजी लिहिली बटाट्याची, बाईंनी खोडली. टोमॅटो खोडला. चहा खोडला. पाहुण्यांतल्या कुणाचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी, असं एका चलाख मुलाने सुचवलं, तर साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा असं एकेक करत परातीत फक्त जिरं आणि तूप राहिलं. “मग तेव्हा उपासाला लोक खायचे काय?” “वरई,” बाई म्हणाल्या. पोरगा म्हणाला, “म्हणूनच एवढे चिडून लढायचे.” मिरची ठेवायची की नाही यावर बाई आणि इतिहासाचे सर अर्धा तास भांडले. ती पोर्तुगीजांनी आणली खरी, पण ती तानाजीच्या ताटापर्यंत पोचली होती का? शेवटी मिरी घातली. नाचणीची भाकरी मुलांनी स्वतः थापली, तिचे आकार भूगोलाच्या तासाला उपयोगी पडले असते.

आणि मग अंधार. हल्ल्याची तारीख 4 फेब्रुवारी 1670, तिथी माघ वद्य नवमी. बाई पंचांग घेऊन माझ्याकडे आल्या. “सर, दोन मिनिटं आहेत का? चंद्र कधी उगवला असेल?” आता हे मात्र गणित होतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताला उगवतो, पुढे रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. नऊ दिवसांचे झाले साडेसात तास. म्हणजे रात्री एक-दीडच्या सुमाराला अर्धा चंद्र, तोवर मिट्ट काळोख. मी फळ्यावर हे मांडलं तेव्हा सातवी ब ने टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत त्रैराशिकाला टाळ्या पडण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावले आणि दार लोटून घेतलं. आत चाळीस मुलं रांगत होती, पुढच्याने कानात सांगितलेला हुकूम मागच्याला पोचवत होती. ‘दोर धरा’ असा निघालेला हुकूम शेवटच्या मावळ्यापर्यंत ‘मोर मरा’ असा पोचला.

नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले. दार उघडलं, काही दिसेना, आतून फक्त श्वास. साहेबांनी विचारलं, “बाई, कोणता घटक चालू आहे?”

काळोखातून उत्तर आलं, “अंधार.”

“टाचण बघू.”

टाचणवही उजेडात आणली गेली. घटक : अंधार. शैक्षणिक साहित्य : काळा कागद. अपेक्षित निष्पत्ती : दिसत नाही तेव्हा विश्वास कुणावर ठेवायचा हे विद्यार्थी ठरवतो. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि बघतो म्हणून आत गेले. तास संपला तेव्हा बाहेर आले, केस विस्कटलेले, पँटच्या गुडघ्यांना धूळ, एका पायात दुसऱ्याच कुणाची चप्पल. शेरेबुकात ‘उपक्रम स्तुत्य’ एवढंच लिहिलं. जाताना मला हळूच विचारलं, “तो शेवटचा मोर मरा म्हणाला तो मीच. बरोबर काय होतं?”

हेडसरांना मनापासून आवडलेला उपक्रम एकच. 1923 मध्ये बाबूराव पेंटरांनी याच कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, रात्रीची दृश्यं कृत्रिम प्रकाशात घेतली, आणि त्यात शेलारमामा झाले होते तरुण शांताराम, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. बाईंनी हे सांगून वर्गाला एक प्रसंग मूक अभिनयात बसवायला दिला. सातवी ब आठवडाभर तोंड मिटून होती. हेडसर म्हणाले, असे उपक्रम वाढवा.

तुमच्या लक्षात आलं असेल की एवढ्या धामधुमीत कादंबरी काही पुढे सरकत नव्हती. बाई अर्धं पान वाचायच्या, मग थांबायच्या. “हे करून बघू.” मुलं कळवळायची, “बाई, नको ना, पुढे वाचा!” बाईंकडे याला ऐतिहासिक आधार तयार असे : हरिभाऊ ‘करमणूक’ साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः छापायचे, त्यांचे वाचकही आठवडा आठवडा थांबायचेच की. जानेवारी गेला, स्नेहसंमेलन झालं, मार्च आला तरी तानाजी धडधाकट. शिक्षकखोलीत आम्ही एकमेकांना विचारायचो, आहे ना अजून? दरवर्षी हेच होतं. आणि दरवर्षी मार्चमध्ये ग्रंथालयातल्या त्या एकुलत्या एक जुन्या प्रतीवर सातवी ब ची झुंबड उडते. नंबर लागतात, चिठ्ठ्या टाकल्या जातात, पानं सुटतात, ती मुलंच डिंकाने चिकटवतात. आपण शिक्षक पुस्तकं पूर्ण करून देतो आणि मुलं ती परत उघडत नाहीत. बाई पूर्ण करत नाहीत. हे त्यांचं नियोजन आहे की गबाळेपणा, हे मी त्यांना विचारलेलं नाही, कारण उत्तर काय येईल ते ठाऊक आहे.

माझं खरं भांडण आहे ते मोडीवरून. कादंबरीत कुणीतरी खलिता धाडतो, झालं, बोरू आले, शाई आली, सातवी ब मोडी शिकायला लागली. आधी ओळभर शिरोरेषा मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, हे मुलांना भलतंच जमलं. त्यातून मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हे कळल्यावर तर वर्गाने यापुढचं सगळं शुद्धलेखन मोडीतच घ्यावं असा लेखी अर्ज दिला. अर्ज मोडीतच होता. लवकरच शाळेत चिठ्ठ्या फिरायला लागल्या, ज्या बाईंखेरीज कुठल्याही शिक्षकाला वाचता येत नव्हत्या.

अशी एक चिठ्ठी मला माझ्या टेबलाखाली सापडली. तीन ओळी, वळणदार. ती माझ्याविषयीच असणार याबद्दल मला शंका नव्हती. मी ती बाईंकडे नेली. त्यांनी चष्मा लावून वाचली, हसल्या, परत घडी घातली. “अक्षर फार सुरेख आहे हो.”

“पण लिहिलंय काय?”

“सर,” त्या म्हणाल्या, “करून बघा ना.”

ती अख्खी दिवाळीची सुट्टी गेली म्हणालो ती इथे. बायको फराळाची ताटं पुढे ठेवत होती आणि मी बाराखडी गिरवत होतो. भाऊबीजेच्या रात्री चिठ्ठी लागली. लिहिलं होतं : उद्या तुझी आई पुरणपोळ्या करणार आहे ना. माझ्यासाठी दोन आण. ब च्या बाकीच्यांना सांगू नको. माझं नावही नव्हतं तिच्यात.

सुट्टीनंतर मी बाईंना जरा तावातच सांगितलं की चिठ्ठी मी वाचली. त्यांनी डोळे मोठे केले. “तुम्हाला मोडी येते, सर?” दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक त्या आठवड्यात फळ्यावर लागलं. शनिवार, शेवटचा तास, सातवी अ, आणि पुढे हेडसरांना न कळणाऱ्या एका लिपीत विषय आणि माझी आद्याक्षरं. सगळ्या शिक्षकखोलीत ती ओळ वाचता येणारे आम्ही दोघंच होतो, त्यामुळे तक्रार करायची तर ती बाईंकडेच करावी लागली असती. त्या तेव्हा कपाटात डोकं घालून झाकणं मोजत होत्या. सातवी अ कडून अजून बावीस यायची होती.